दाखला आणि दैव : मराठी शोकनाट्याच्या वाणीविषयी

१७६१ सालच्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांची फौज बुडाली, आणि ती वार्ता उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती, परंपरेने सांगत आलेल्या हकीकतीप्रमाणे, एका सावकारी पत्रातून. त्या पत्रात लढाईचा उल्लेख नव्हता, मृत्यूचा नव्हता, होता तो केवळ गळालेल्या मोत्यांचा, हरवलेल्या मोहरांचा आणि रुप्या-तांब्याच्या खुर्द्याचा हिशेब. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि ज्याची गणतीच लागत नाही तो खुर्दा म्हणजे शिलेदार, बारगीर व बाजारबुणगे, ही फोड पत्रलेखकाने केली नाही. कागद नेणाऱ्या जासुदाला ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते, वाटेत तो कोणाच्या हाती पडला असता तर त्यालाही पेढीच्या व्यवहारापलीकडे काही उमगले नसते. ज्याच्या घरातली माणसे गेली होती त्याला मात्र एका वाचनात सर्व समजले. या हकीकतीचा ऐतिहासिक खरेखोटेपणा संशोधकांनी तपासावा. मला ती येथे आठवते ती एवढ्यासाठी की, रूपक नावाची गोष्ट शोकाच्या प्रसंगी काय काय काम करू शकते याचा इतका संपूर्ण नमुना आपल्या भाषेत दुसरा नसेल. तिने बातमी झाकली, ज्याला कळायची त्याला ती उघड केली, आणि बोलणाऱ्याच्या नकळत आणखी एक कबुली देऊन टाकली: हजारो माणसांना खुर्दा म्हणणाऱ्या त्या राज्यव्यवस्थेत मनुष्याची किंमत कशी ठरत होती, हे त्या एका शब्दाने जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही दफ्तराने सांगितलेले नाही.

शोकनाट्यातील अलंकाराविषयी व पूर्वकथांच्या निर्देशांविषयी या ग्रंथात जे म्हणावयाचे आहे त्याचे बीज येथे आहे. नाटकातील पात्र बोलते ते समोरच्या पात्राशी, परंतु त्याच्या तोंडची उपमा, त्याने सहज घेतलेले एखादे पुराणातील नाव, त्याच्या शपथेतला देव, हे सर्व त्याच्या डोक्यावरून प्रेक्षकाशी बोलत असते. घटना घडण्यापूर्वीच तिची चाहूल प्रेक्षकाला लागते, पात्राला लागत नाही, आणि या दोन जाणिवांमधल्या अंतरातच शोकनाट्याची वेदना राहते. दैव रंगभूमीवर येते ते बहुधा वाणीच्या वाटेने. मात्र हे घडावे यासाठी प्रेक्षकाच्या ठायी एक साठा आधीच असावा लागतो: कथांचा, नावांचा, आख्यानांचा. तो साठा आटला की नाटकाचे कथानक शिल्लक उरते, पण त्यातील अर्धे बोलणे मुके होते. आज मराठी वाचकांच्या बाबतीत हे मुकेपण वाढत चालले आहे अशी माझी साधार खात्री आहे, आणि हा ग्रंथ लिहिण्याचे मुख्य प्रयोजनही तेच आहे.

अलंकार या शब्दाने आपल्याकडे एक गैरसमज फार दिवस पोसला. शाळेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांची लक्षणे पाठ करून घेतली जातात, उदाहरणापुढे अलंकाराचे नाव लिहिले की गुण मिळतात, आणि विद्यार्थ्याच्या मनात कायमचे बसते की आशय आधी सिद्ध असतो व अलंकार त्यावर मागाहून चढवला जातो. आपले प्राचीन शास्त्र याहून कितीतरी सूक्ष्म होते. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक एवढे चारच अलंकार सांगितलेले आहेत, आणि तेही रसाच्या सोयीने कसे योजावे या विचाराच्या ओघात. पुढे आलंकारिकांनी ही संख्या शंभराच्या घरात नेली, तेव्हा वर्गीकरणाच्या हौसेत मूळ प्रश्न काहीसा दूर पडला खरा, परंतु नवव्या शतकात आनंदवर्धनाने त्याला पुन्हा जागेवर आणले. रसात बुडालेल्या कवीला ज्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही तोच अलंकार खरा, हे त्याचे मत आजच्या कोणत्याही समीक्षकाने आपले म्हणावे असे आहे. शब्दाचा वाच्य अर्थ संपल्यावर जो उरतो, तो ध्वनी, ही त्याची कल्पना तर नाटकाला काव्यापेक्षाही अधिक लागू पडते, कारण नाटकात उरलेला अर्थ कोणाला ऐकू गेला आणि कोणाला गेला नाही यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

संस्कृत रंगभूमीला शोकान्त मानवत नव्हता, रंगमंचावर मृत्यू दाखवणे तिने निषिद्ध मानले, आणि भासाचे 'ऊरुभंग' हा त्या नियमाला लखलखीत अपवाद आहे, हे सर्वविश्रुत आहे. परंतु शेवट गोड करण्याचा नियम पाळणाऱ्या त्याच नाटककारांनी शोकाची वाणी किती निर्दयपणे वापरली हे पाहायचे असेल तर भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'चा दुसरा अंक वाचावा. तेथे भानुमती आपले दुःस्वप्न सखीला सांगते आहे: एका मुंगसाने शंभर सर्प मारले. संस्कृतात मुंगसाला नकुल म्हणतात. आडून ऐकणारा दुर्योधन ते नाव ऐकतो आणि पत्नीच्या मनात माद्रीपुत्र भरला आहे अशा संशयाने पेटतो. पुढे उलगडा होऊन तो शांत होतो, पण प्रेक्षक शांत होत नाही, कारण शंभर सर्प म्हणजे कोण हे त्याला कळून चुकलेले असते. थोड्याच वेळाने दुर्योधन प्रियेला आपल्या मांडीवर बसण्याची विनवणी करतो, आणि ते वाक्य पुरे होते न होते तोच कंचुकी धावत येऊन मोडल्याची वर्दी देतो. मोडला आहे तो रथाचा ध्वज, मोडला आहे तो भयंकर वाऱ्याने. परंतु भयंकर या अर्थी कंचुकीच्या तोंडी येणारा शब्द 'भीम' आहे, आणि भीम हा वायूचाच पुत्र. मांडी, भंग आणि भीम एका श्वासात जोडले गेले, बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नाही, ऐकणारा राजा ध्वजाच्या विचारात गढलेला, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर मात्र कुरुक्षेत्राचा शेवटचा दिवस उभा. शास्त्रकारांनी या युक्तीला 'गंड' असे नाव देऊन ठेवले आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकातही असेच आहे: रामाच्या तोंडून विरहाचा शब्द निघावा आणि त्याच क्षणी प्रतिहारीने कोणी आल्याचे निवेदन करावे. आलेला असतो तो दुर्मुख, आणि त्याच्याबरोबर सीतेचा वनवास.

ग्रीकांनी हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने साधली. ईस्किलसच्या नाटकात विजयी आगामेम्नॉनच्या पायांखाली पत्नीने अंथरलेले जांभळे वस्त्र आणि पुढे त्याला गुरफटून मारणारे जाळे ही एकमेकांची रूपे आहेत. सॉफोक्लीसच्या ईडिपसात दृष्टी असलेला राजा आंधळा आणि आंधळा द्रष्टा डोळस, हा विरोध इतक्या वेळा, इतक्या सहज बोलण्यातून येतो की शेवटी राजाने आपले डोळे फोडले तेव्हा एक उपमाच प्रत्यक्षात आली असे वाटते. ॲरिस्टॉटलने रूपकावरील प्रभुत्व हे प्रतिभेचे लक्षण मानले आणि ते दुसऱ्याकडून शिकता येत नाही असेही सांगितले. विंदा करंदीकरांनी १९५७ साली त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणल्यापासून हे विधान आपल्याकडे वारंवार उद्धृत झाले, पण शोकात्मिकेविषयीच्या त्याच्या विचाराशी त्याचा सांधा कसा जुळतो याची चर्चा मात्र त्या मानाने अल्प झाली.

इंग्रजी समीक्षेत या विषयाला स्वतंत्र शाखेचे रूप आले ते विसाव्या शतकात. ब्रॅडलीने १९०४ साली शेक्सपिअरच्या शोकनाट्यांचा जो विचार केला तो मुख्यतः स्वभावाच्या अंगाने. माणूस कसा होता, त्याचा दोष कोणता, त्याने काय करायला हवे होते. विल्सन नाइटने १९३० मध्ये त्याला उलटे टोक धरले व सबंध नाटक हेच एक विस्तारलेले रूपक मानले. १९३५ साली कॅरोलिन स्पर्जन या विदुषीने शेक्सपिअरच्या प्रतिमांची मोजदाद करून दाखवले की 'हॅम्लेट'मध्ये रोगाच्या व सडण्याच्या प्रतिमा आहेत, 'मॅकबेथ'मध्ये अंगाला न बसणाऱ्या ढगळ वस्त्रांच्या. जर्मनीत क्लेमेनने प्रतिमा नाटकाच्या ओघात कशा वाढतात ते पाहिले, आणि १९४७ मध्ये क्लिअंथ ब्रुक्सने 'मॅकबेथ'मधील नागडे अर्भक व वस्त्र या दोन प्रतिमांवरून सबंध नाटकाचा अर्थ उलगडला. या सर्वांचे ऋण मान्य करूनही मला म्हणावेसे वाटते की मोजदादीची पद्धत नाटकाला पुरी पडत नाही. प्रतिमा किती वेळा आली यापेक्षा ती कोणाच्या तोंडी, कोणाच्या देखत, आणि कोणत्या घटनेच्या अलीकडे आली हे नाटकात अधिक मोलाचे. 'वेणीसंहारा'तील ध्वज एकदाच मोडतो.

मराठी समीक्षेने काव्यालंकारांची चर्चा विपुल केली. रा. श्री. जोगांचा 'अभिनव काव्यप्रकाश' १९३० चा, ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' १९५८ चे. त्याआधी १९२८ साली गोदावरी केतकरांनी भरताचे नाट्यशास्त्र मराठी वाचकांच्या स्वाधीन केले होते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचाराला लयतत्त्वाचे अधिष्ठान दिले, त्यायोगे प्रतिमांच्या परस्परसंबंधांकडे पाहण्याची दृष्टीही आली. तथापि या सर्व मीमांसेचे लक्ष्य प्राधान्याने कविता हेच राहिले. नाटकाविषयी लिहिताना आपण कथानक, स्वभावरेखन, नाट्यसंगीत, नटांच्या भूमिका यांवर भरभरून लिहिले, आणि भाषेचा विषय निघाला की ती 'अलंकारप्रचुर' आहे एवढा शेरा मारून पुढे गेलो. गडकऱ्यांवर हा अन्याय सर्वांत अधिक झाला.

आता त्या साठ्याविषयी, ज्याच्यावाचून दाखला उमगत नाही. हे लिहीत असताना मी वैरागात आहे. बार्शी आणि सोलापूर यांच्या दरम्यानचे, ज्वारी-तुरीच्या रानांतले हे गाव, एका बाजूला तुळजापूरची भवानी, दुसऱ्या बाजूला पंढरपूर. नाट्यगृहांच्या इतिहासात या गावाचे नाव शोधूनही सापडणार नाही. परंतु शोकनाट्याचा प्रेक्षक कोठे घडला हा प्रश्न विचारला तर उत्तर पुण्या-मुंबईच्या थिएटरांत मिळत नाही, ते अशा गावांत मिळते. चातुर्मासात देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि ज्यांनी ती कथा आजवर कितीदा ऐकली आहे असे श्रोतेसुद्धा अभिमन्यूचा अध्याय आला की डोळ्यांना पदर लावतात. ती पोथी बहुधा श्रीधराची असते. हा श्रीधर याच सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचा, वास्तव्य पंढरपुरास; 'हरिविजय' १७०२ साली, 'रामविजय' पुढच्या वर्षी आणि 'पांडवप्रताप' १७१२ मध्ये पुरा करून त्याने महाराष्ट्राच्या बायाबापड्यांच्या हाती जे दिले, त्यालाच पुढे दोनशे वर्षे मराठी नाटककार जमेस धरून चालले. राम जोशीही सोलापूरचाच; शास्त्र्याच्या घरात जन्मून तमाशाच्या फडावर गेलेला आणि पुढे कीर्तनाकडे वळलेला हा शाहीर लावणीतही संस्कृत पुराणकथांची अशी पेरणी करतो की ऐकणाऱ्याने त्या ओळखल्या पाहिजेत हे त्याने गृहीतच धरलेले दिसते. कलगी आणि तुरा यांच्या फडांत भेदिकाचे सवालजवाब रात्र रात्र चालत. एका शाहिराने पुराणातला आडवळणाचा प्रसंग कोड्यात घालून विचारायचा आणि दुसऱ्याने तो उकलून उलट सवाल टाकायचा. निर्देशाची सवय लावणारी याहून कडक शाळा कोणती असणार? कीर्तनकाराचा पूर्वरंग संपला की उत्तररंगात आख्यान येते, आणि गावकरी घरी जाताना म्हणतात, बुवांनी हरिश्चंद्राचा दाखला चांगला लावला. हा 'दाखला' शब्द कचेरीतला, तो कीर्तनात सहज रुळला, आणि मीही या ग्रंथात तोच ठेवला आहे, कारण दाखल्यात पुराव्याचा जो भाव आहे तो शोकनाट्यात महत्त्वाचा: असे पूर्वी एकदा घडले आहे, म्हणून आताही घडेल.

रोजच्या बोलण्यात तर शोकनाट्ये आपण दोन-दोन शब्दांत बाळगून असतो. अंगावर फुटका मणी उरला नाही अशा बाईला लंकेची पार्वती म्हणतात. बाजी बुडाली की पानिपत झाले म्हणतात. आणि कागदात फेरफार करण्याला 'ध'चा 'मा' करणे म्हणताना १७७३ साली शनिवारवाड्यात कापल्या गेलेल्या नारायणराव पेशव्याचे मरण आपल्या जिभेवर असते. आनंदीबाईने खरोखर ते अक्षर बदलले की नाही याला कागदोपत्री आधार शोधणाऱ्यांनी शोधावा. खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' लिहिले तेव्हा ती कथा प्रत्येक प्रेक्षकाच्या तोंडी होती, आणि म्हणूनच त्या नाटकात अगदी साधा हुकूमही ऐकताना अंगावर काटा येत असे.

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला, म्हणजे पुराणकथेनेच झाला. तेथे कथाच रंगभूमीवर होती, निर्देशाची गरज नव्हती. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहून माणसाच्या मरणाला नाटकाचा विषय केले. मग पौराणिक कथा मागे सरली आणि संवादात निर्देश म्हणून उतरू लागली. त्यानंतर शेक्सपिअर आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ चे, आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे, देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली, आणि त्याबरोबर या रूपांतरकारांपुढे एक खोल अडचण उभी राहिली: माणसांची नावे बदलता येतात, पण त्या माणसांच्या बोलण्यातील ग्रीक-रोमी दैवतांचे काय करावे? नाव तसेच ठेवले तर प्रेक्षकाला काही सुचत नाही, त्या जागी देशी नाव घातले तर त्या नावामागची कथा वेगळे काहीतरी सुचवते. या एका अडचणीतून मराठी शोकनाट्याची भाषा घडली असे मला वाटते. परक्या दुःखाला आपले दाखले शोधताना आपले दाखले किती वजन पेलतात याची नाटककारांना प्रथमच जाणीव झाली. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ने १९०७ साली त्या शक्तीची राजकीय परीक्षा घेतली: कीचकात कर्झन दिसला, सैरंध्रीत देश दिसला, आणि हे सर्व एक शब्दही उघड न बोलता घडले; १९१० साली सरकारने ते नाटक बंद केले. ते शोकनाट्य नव्हे, पण आपला प्रेक्षक रूपक वाचण्यात किती तरबेज होता याचा तो सरकारी पुरावा आहे.

गडकऱ्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. या नाटकाचे कथानक चार वाक्यांत सांगता येते: मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून सुधाकर वकिलाची सनद काही महिन्यांसाठी तहकूब होते, अपमान विसरण्यासाठी तो तळीरामाच्या नादाने एक प्याला घेतो, आणि त्या एका प्याल्यात घर, मूल, पत्नी व अखेर तो स्वतः बुडतो. एवढ्यावर नाटक थांबते तर ते दारूबंदीचे व्याख्यान झाले असते. ते व्याख्यान होत नाही याचे कारण नाटकाच्या वाणीत आहे. नवरा सुधाकर, म्हणजे चंद्र. बायको सिंधू, म्हणजे सागर. चंद्र सागरातून निघाला, त्याच मंथनातून अमृत निघाले, हलाहल निघाले आणि मदिराही निघाली, ही कथा पोथी ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. चंद्राकडे पाहून सागराला भरती यावी हा सृष्टिक्रम, आणि चंद्र क्षीण होत गेला तरी सागराने मर्यादा सोडू नये हा सिंधूचा धर्म. दोघांच्या नावांतच नाटककाराने त्यांचे प्रारब्ध लिहून ठेवले आहे. पुढे दारिद्र्याच्या दिवसांत सिंधू बाळाला जोजवते त्या अंगाईत चवथीचा चंद्र येतो. मूल निजवताना आई सुंदर वस्तूंचीच नावे घेणार, आणि चंद्रकोरीएवढे सुंदर काय आहे? परंतु भाद्रपदातल्या चवथीचा चंद्र पाहू नये, पाहिल्यास खोटा आळ येतो, प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला तो त्यामुळेच, हे आपल्याकडे गणपती मांडणाऱ्या घरातील पोरालाही सांगावे लागत नसे. सिंधूने चंद्राकडे पाहिले, जन्मभर पाहिले, आणि तिच्या निष्कलंक शीलावर मद्याच्या अंमलात आळ घेतला तो त्याच चंद्राने. हे योजून आले की आपसूक आले, याची चौकशी मला अनावश्यक वाटते. आनंदवर्धनाच्या कसोटीला ते उतरते, कारण वेगळा यत्न केल्याची खूण त्यावर कोठेही नाही. अखेरच्या प्रवेशात मरणोन्मुख सिंधू फौजदारापुढे नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. खऱ्यावर खोटा आळ आणि खऱ्याने उच्चारलेले खोटे, असे हे वर्तुळ पुरे होते. गडकऱ्यांच्या भाषेला केवळ कोट्यांची व उपमांची आतषबाजी म्हणणाऱ्यांनी हे नाटक या दृष्टीने पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात दाखल्यांचा साठा पालटला. शिरवाडकरांनी 'कौंतेय' मध्ये कर्णाला, 'राजमुकुटा'त मॅकबेथला हात घातला. करंदीकरांनी १९७४ साली 'राजा लिअर' मराठीत आणला. परंतु त्याआधीच १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आले होते आणि त्याने एक नवे पाऊल टाकले होते. गणपतराव बेलवलकरांच्या बोलण्यातील दाखले पुराणातले उरले नाहीत, ते नाटकांतले झाले. ऑथेल्लो, हॅम्लेट आणि त्यांच्या पंक्तीला गडकऱ्यांचा सुधाकर. म्हणजे शंभर वर्षांच्या अवधीत मराठी रंगभूमीने स्वतःचे पुराण तयार केले, आणि या म्हाताऱ्या नटाच्या स्मृतीत आता तेच पोथीसारखे लागलेले आहे. वादळाने स्वतःसाठी निवारा मागावा ही त्यातील मध्यवर्ती कल्पना लिअरच्या माळरानावरून आलेली खरी, पण लिअर वादळात सापडतो, बेलवलकर स्वतःच वादळ आहेत. पत्नीला ते 'सरकार' म्हणून हाक मारतात; दरबार गेला, मुलखाची वाटणी झाली, तरी सरकार आहे तोवर राज्य आहे, आणि कावेरी गेल्यावर ते राज्य खालसा होते. पुढे रस्त्यावर त्यांना आसरा देणारे बूटपॉलिशवाले पोर, त्याचे नाव राजा. लिअर ज्याला ठाऊक आहे त्याला या एका हाकेत जे ऐकू येते ते ज्याला ठाऊक नाही त्याला ऐकू येत नाही.

तेंडुलकरांनी यापुढे जाऊन निर्देशाचा साठाच लहान करून घेतला. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ चे नाटक. त्यात लीला बेणारे या शिक्षिकेवर खोट्या खटल्याच्या मिषाने खरा खटला भरला जातो, आणि तिच्या वाट्याला दाखला उरतो तो चिमणी-पोपटाच्या बालगीताचा. व्यासही नाहीत, शेक्सपिअरही नाही, बालवाडीतले गाणे. नाटक संपताना सामंत हा साधा गावकरी आपल्या पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो, आणि गाण्यातला पक्षी वस्तू होऊन तिच्यापाशी पडून राहतो. एलकुंचवारांच्या १९८५ च्या 'वाडा चिरेबंदी'त तर अलंकार बोलण्यातून जवळजवळ निघूनच गेला व वस्तूंत जाऊन बसला: दारापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर. त्याची कोणी उपमा देत नाही. ती द्यावी लागत नाही.

हा प्रवास पाहिला म्हणजे वाटेल की अलंकार मागे पडले, पुराणे मागे पडली, मग जुन्या नाटकांतील दाखल्यांची उठाठेव आता कशाला? माझे उत्तर असे. महाविद्यालयांत 'एकच प्याला' आजही नेमले जाते. जो विद्यार्थी ते उघडतो त्याच्या घरात पोथी लागत नाही, भेदिकाचे फड त्याने पाहिलेले नाहीत, स्यमंतकाची कथा त्याला परीक्षेपुरतीही ठाऊक नाही, आणि म्हणून सिंधूच्या सहनशीलतेत त्याला केवळ अतिरेक दिसतो, भाषेत केवळ फुलोरा दिसतो. दोष त्याचा नाही. त्याला कोणी ऐकायला शिकवले नाही. दुसरीकडे महाभारताच्या कथा पडद्यावर पूर्वीपेक्षा अधिक दिसतात, परंतु त्या ठाशीव चित्रांच्या रूपाने दिसतात. ज्याच्याकडे नुसते बोट दाखवले की बाकीचे मनात उभे राहावे, असे त्यांचे रूप राहिलेले नाही. कथा माहीत असणे आणि कथेचा निर्देश ओळखता येणे ही दोन निराळी सामर्थ्ये आहेत, आणि दुसरे गेले की आपल्या भाषेतील शोकाची उत्तम नाटके भाषांतरित झाल्यासारखी वाचावी लागतील, तीही आपल्याच भाषेत.

प्रस्तुत ग्रंथ हा मराठी शोकनाट्याचा इतिहास नव्हे, अलंकारांचा कोशही नव्हे. निवडक नाटकांतील निवडक प्रवेश घेऊन, तेथे कोण कोणाशी बोलतो, कोणते नाव घेतो, त्या नावामागची कथा कोणती, ती कोठून लोकांपर्यंत आली होती, आणि त्यामुळे पुढच्या घटनेचा अर्थ कसा पालटतो, एवढेच त्यात सावकाश पाहिले आहे. प्रत्येक ठिकाणी मूळ आख्यान थोडक्यात पण संपूर्ण सांगितले आहे; जाणत्यांना ती पुनरुक्ती वाटेल, त्यांनी ती क्षमापूर्वक ओलांडावी. शेक्सपिअरच्या रूपांतरांना स्वतंत्र भाग दिला आहे, कारण दाखला बदलताना काय गमावले व काय मिळवले याचा हिशेब तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. संगीत नाटकांतील पदांचा विचार संवादांच्या बरोबरीने केला आहे. पद म्हणजे कथानकाची विश्रांती, ही समजूत मला मान्य नाही, आणि चवथीच्या चंद्राने ती पुरेशी खोडून काढली आहे. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यासा'वर मात्र प्रकरण नाही. ते नाटक अपुरे राहिले, आणि ज्या प्रतिमा पहिल्या अंकात पेरल्या त्यांचे शेवटी काय होणार होते हे ज्या कृतीत पाहता येत नाही, तिच्याविषयी या पद्धतीने लिहिणे म्हणजे गडकऱ्यांनी न लिहिलेला अंक आपण लिहिणे होय. वगनाट्ये आणि दलित रंगभूमी यांचे दाखले वेगळ्या साठ्यातून येतात. त्या साठ्याशी माझा परिचय अपुरा असल्याने ते काम अधिक जाणत्या अभ्यासकाने हाती घ्यावे, आणि तशी कोणी तजवीज केल्यास त्याला या भागातील शाहिरी परंपरेची जी काही माहिती माझ्यापाशी आहे ती मी आनंदाने देईन.

वाचकाला एकच सूचना. प्रकरण वाचण्यापूर्वी त्यातील प्रवेश मूळ नाटकातून, शक्य तर मोठ्याने आणि दोघातिघांनी मिळून, वाचावा. पोथी जशी एकाने वाचायची आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा, त्या रीतीने वाचला तर माझी निम्मी टिपणे वाचकाला आधीच सुचलेली असतील, आणि जेथे त्याचा अर्थ माझ्याहून निराळा पडेल तेथे त्याने आपला अर्थ सोडू नये.

वैराग, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर